कांडीचं तोंड

थोरलीला खुर्ची हवी होती. पुढाऱ्यांना हवी असते तसली नव्हे. साधी, चार पायांची, पाठीला चपटी उशी बांधलेली. ती नर्सरीच्या काउंटरमागे होती. वर पंखा फिरायचा आणि खाली मालकांची आत्या बसायची. आत्या बिलं फाडायची, गिऱ्हाइकाला "कुंडीत लावणार की जमिनीत?" एवढं विचारायची आणि उरलेल्या वेळात डुलक्या काढायची. एकोणीस वर्षं थोरलीनं ती खुर्ची लांबून पाहिली होती. लांबून म्हणजे ओट्यापाशी उभं राहून.

ओटा सिमेंटचा, कमरेहून जरा उंच. बांधणाऱ्याला माणसं बसतात हे ठाऊक नसावं. स्टूल घेऊन बसलं तर ओटा हनुवटीशी येई, म्हणून उभंच राहायचं. सकाळी आठला उभं राहिलं की डबा खायला एकदा मांडी घालायची आणि परत उभं. संध्याकाळी घरी जाताना पायांच्या शिरा टम्म फुगलेल्या असत. घरी पोचल्यावर ती अर्धा तास कोणाशी बोलत नसे. घरच्यांना ती रागीट वाटायची. ती रागीट होतीच, पण त्यातला निम्मा राग पायांचा होता.

नर्सरीत गुलाब, जास्वंद, लिंबू सगळं होतं, पण नाव होतं ते ड्रॅगन फ्रूटच्या रोपांचं आणि ते थोरलीच्या हातामुळे होतं. मागच्या बाजूला सिमेंटचे खांब रोवलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर जुनं टायर. निवडुंगाच्या जातीचे ते तीन धारांचे वेल खांबाला धरून वर चढत आणि टायरमधून खाली लोंबत. त्यातली निबर, गडद हिरवी फांदी हेरायची, कात्री औषधाच्या फडक्यानं पुसायची आणि दीड दीड वितीचे तुकडे करायचे. मालक त्यांना कटिंग म्हणत. थोरली कांडी म्हणे.

लोकांना वाटतं, तोडलं की लावलं. तसं नसतं. ओल्या जखमेची कांडी मातीत गेली की आठवड्यात तिचा लगदा होतो. आधी तिला सावलीत आठ दिवस वाळू द्यायचं, जखमेवर खपली धरू द्यायची, मग रेती-खताच्या पिशवीत लावायची, आणि पाणी द्यायचं तेही हात आखडून. कांडीचं जे टोक वेलावर असताना खालच्या अंगाला होतं तेच मातीत जायला हवं, कारण मुळं तिथूनच फुटतात. त्या टोकाला थोरली 'तोंड' म्हणायची. कांडी पाणी पिते ती तिथून, म्हणून तोंड. हा शब्द तिला कोणी शिकवला नव्हता. तिनंच कधीतरी मनाशी ठेवला आणि तो राहिला. वाळवताना तोंड वर ठेवायचं, म्हणजे जखमेला वारा लागतो. लावताना तोंड खाली. यात चूक होऊ नये म्हणून काही खूण करावी असं तिला कधी वाटलं नाही, कारण तिचा अंगठाच खूण होता. कांडीच्या धारेवरचे बारीक काटे वरच्या दिशेला झुकलेले असतात. अंगठा खालून वर फिरवला तर सरकतो, वरून खाली फिरवला तर टोचतात. ती गप्पा मारतामारताही अंगठा फिरवून कांडी सुलटी करायची.

त्या वर्षी आत्यानं जाहीर केलं की आता पुरे, मोसम संपला की मी मुलीकडे राहायला जाते. थोरलीनं दोन दिवस धीर गोळा केला आणि मालकांसमोर जाऊन उभी राहिली. खुर्ची मला द्या, म्हणाली. मालक माणूस वाईट नव्हता, फक्त हिशेबी होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, वहिनी, तुम्ही खुर्चीवर बसलात तर ओट्यावर कोण? तुमच्या हाताचं दुसरं माणूस तयार करा आणि खुशाल बसा.

दुसरं माणूस घरातच होतं. थोरलीची जाऊ, धाकटी. दिराचा कारखाना बंद पडल्यापासून, म्हणजे गेलं वर्षभर, ती नर्सरीत पिशव्या भरायला येत होती. काम चोख, तोंडातून शब्द नाही. दोन खोल्यांच्या घरात दोन भावांचा संसार अकरा वर्षं चालला होता तो धाकटीच्या या न बोलण्यावर चालला होता, असं शेजारणी म्हणत. थोरलीलाही ते सोयीचं होतं. शिकवायला याहून चांगलं माणूस कुठून मिळणार, असं तिला वाटलं.

पण शिकवणं तिला येत नव्हतं. हाताला जे ठाऊक असतं ते जिभेवर आणायला वेगळीच ताकद लागते आणि दिवसभर उभं राहिल्यावर थोरलीकडे ती उरलेली नसे. ती करून दाखवायची आणि म्हणायची, "हे असं." धाकटी बघायची आणि मान हलवायची. ज्या दिवशी सहाशे रोपांच्या मोठ्या ऑर्डरच्या कांड्या वाळत घातल्या, त्या दिवशी मात्र थोरलीनं बजावून बजावून सांगितलं. औषधात बुडवलेली एकेक कांडी मांडणीच्या खणात उभी करत ती म्हणाली, "तोंड वर. कळलं? तोंड खाली गेलं की संपलं, कुजणार." धाकटीनं सहाशे कांड्या तोंड वर करून ठेवल्या. थोरलीनं फिरून पाहिलं आणि तिला काढायला एकही चूक सापडली नाही. त्या संध्याकाळी ती घरी येऊन लगेच बोलली, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

आठव्या दिवशी, लावणीच्याच सकाळी, थोरलीचा गुडघा फुगला. पाय जमिनीला टेकेना. डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढलं आणि तीन आठवडे उभं राहायचं नाही असं सांगितलं. त्यांना काय जातं सांगायला, असं ती पुटपुटली, पण खरं सांगायचं तर आडवं व्हायला मिळालं याचं तिला बरंच वाटलं. दारात चपला घालून उभ्या असलेल्या धाकटीला तिनं गादीवरूनच हाक मारली. "जसं सांगितलंय तसंच कर. उगाच डोकं चालवू नकोस." धाकटी हो म्हणाली आणि गेली.

ते तीन आठवडे थोरली झोपली. इतकी झोपली की झोपेनंच अंग दुखायला लागलं. एकोणीस वर्षांचा थकवा हाडांत कुठे कुठे दडून बसला होता, तो आता एकेक करून बाहेर यायला लागला. दीर चहा आणून द्यायचा. तो चहा कसा असायचा हे न बोललेलंच बरं. नवरा बस डेपोतून यायचा, तिच्या पायाशी बसून जेवायचा आणि घास हातात धरूनच पेंगायचा. दोघं थकलेली माणसं एका गादीवर बसून खुर्चीबद्दल बोलायची. मग तू घरी आल्यावर लगेच बोलशील का, असं नवऱ्यानं एकदा विचारलं. ती म्हणाली, इतकी बोलेन की कान किटतील.

धाकटी रोज येऊन लावणीची बातमी सांगायची, तीही विचारली तर. सहाशे लावून झाल्या. पाणी बेतानं दिलं. शेवटच्या आठवड्यात ती न विचारता बोलली, हे नवलच. "ताई, मुळं दिसायला लागली. पांढरी."

थोरलीला इतका आनंद झाला की तिनं डोळे मिटून घेतले. मुळं मातीत असतात. मातीतली मुळं हिला दिसली कशी, हा प्रश्न त्या नर्सरीतल्या कुंडीनंही विचारला असता. थोरलीनं नाही विचारला. तिनं खुर्चीवरची उशी बदलून घ्यायचं ठरवलं.

बाविसाव्या दिवशी ती लंगडत नर्सरीत गेली ती थेट हिरव्या जाळीखाली, जिथे पिशव्यांच्या रांगा मांडल्या होत्या. सगळ्या पिशव्या एका ओळीत, कांड्या सरळ, माती स्वच्छ. आणि प्रत्येक कांडीच्या वरच्या टोकाला, भर हवेत, पांढऱ्या मुळांचे झुबके सुटलेले. पाण्यासाठी निघालेली मुळं वाऱ्यात वळवळून वाळत चालली होती. थोरलीनं जवळची कांडी उपटली. मातीतलं टोक पिवळं पडून मऊ झालं होतं. तिनं दुसऱ्या रांगेतली उपटली, मग शेवटच्या. सहाशेच्या सहाशे उलट्या होत्या. धाकटीनं एकही चुकवली नव्हती. तोंड वर म्हटलं होतं, सगळी तोंडं वर होती.

थोरलीला आधी राग आलाच नाही. तिला फक्त कुठेतरी टेकावंसं वाटलं, आणि तिथे टेकायला काही नव्हतं.

धाकटी मागे येऊन उभी राहिली होती. थोरलीनं कांडी तिच्यापुढे धरली आणि विचारलं, "लावताना काटे टोचले नाहीत तुला?"

"टोचले."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. मग रोजच." धाकटीनं हात पुढे केले. दोन्ही अंगठ्यांवर बारीक काळे ठिपके होते. "तुम्ही लावताना खालून वर फिरवलेला अंगठा सरकायचा, माझा टोचायला लागला. मला वाटलं, काहीतरी उलटं होतंय."

"मग विचारलं का नाहीस?"

धाकटीनं नेहमीप्रमाणे खाली पाहिलं. "तुम्ही म्हणालात, डोकं चालवू नकोस."

एवढंच असतं तर थोरलीनं ते झटकून टाकलं असतं. पण त्यामागून तिला अकरा वर्षांपूर्वीचं आठवलं. धाकटी लग्न होऊन आली त्या पहिल्या आठवड्यात, डाळीत मीठ जास्त झालंय असं ती सहज म्हणाली होती. डाळ थोरलीनं केली होती. पाय दुखत होते, भूक लागली होती, आणि थोरली सगळ्यांसमोर म्हणाली होती, "या घरात तोंड वर करून बोलायचं नाही." डाळ खरंच खारट होती. त्यानंतर अकरा वर्षं कितीतरी डाळी खारट झाल्या असतील, कोणाला ठाऊक. धाकटीनं निमूट खाल्ल्या. थोरलीला स्वतःची लाज वाटली, आणि थकलेल्या माणसाला लाज वाटते तेव्हा ती फार जड होते.

मालक आले. पिशव्यांकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. कोणी लावल्या, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर माहीत असल्यासारखं धाकटीकडे पाहिलं. धाकटीचं नाव घेतलं तर ती उद्यापासून घरी बसणार, आणि घरी आधीच एक जण बसलेला होता. स्वतःचं घेतलं तर खुर्ची गेली. थोरली विचार करत होती असं नाही. नुसती उभी होती, तिला त्याची सवय होती.

"हात तिचे," ती शेवटी म्हणाली, "पण चूक माझ्या तोंडाची. मी नीट सांगितलं नाही, आणि विचारायची सोय ठेवली नाही."

मालकांना यातलं निम्मं कळलं असेल. त्यांनी कोणाला काढलं नाही. पण तुमचा हात ओट्यावरून उचलला की काय होतं ते पाहिलं मी, वहिनी, असं म्हणून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी आत्यानं आपल्या परीनं सांत्वन केलं: खुर्चीसाठी मालकांची भाची येईल म्हणते, चांगली मुलगी आहे, हसरी आहे. थोरली म्हणाली, बसायला मिळालं की मीही हसरी होईन.

मग उपटायचं काम सुरू झालं. सगळ्या कांड्या मातीतून काढल्या. कुजलेलं टोक निरोगी हिरव्यापर्यंत कापलं, औषध लावलं, पुन्हा वाळवल्या. ज्या टोकाला मुळं फुटली होती ते आता जपून मातीत घालायचं. चारशेच्या आसपास वाचल्या. ऑर्डरवाला दीड महिना थांबायला तयार झाला, पण तोंड वाकडं करूनच. गुडघ्याला पट्टा बांधून थोरली रोज उभी राहिली. डॉक्टरांचं नाव काढायचं नाही, असं तिनं घरी सांगून टाकलं.

आणि या वेळी तिनं बोलून शिकवलं. कसंबसं, अडखळत, एकेक वाक्य जुळवत. काट्यांची दिशा, अंगठा कसा फिरवायचा, वाळवताना का उलटं आणि लावताना का सुलटं. धाकटी ऐकत होती. मध्येच थोरली परत 'तोंड' म्हणाली आणि स्वतःच थांबली. हा शब्द आता नको, ती म्हणाली, याच्यामुळेच झालं सगळं. धाकटी जरा घुटमळली. मग अगदी हळू म्हणाली, "बुडखा म्हणू या का? आणि वरचा शेंडा."

थोरलीला आपल्या डोक्याची कीव आली. इतके साधे दोन शब्द, लहान मुलालाही कळणारे, आणि एकोणीस वर्षं ती तोंड तोंड करत बसली होती. म्हणजे आपलं शिकवणं ना शेंडा ना बुडखा होतं, असं ती म्हणाली. धाकटी हसली. अकरा वर्षांत थोरलीनं तिचं हसणं कितीदा पाहिलं होतं, हे तिला आठवेना.

"आता खटकलं तर बोलत जा," थोरलीनं तिला सांगितलं. धाकटीनं मान हलवली. पण सांगून का कोणी बोलतं? अकरा वर्षांचं कुलूप एका वाक्यानं उघडत नाही. त्यानंतर महिनाभर धाकटी पूर्वीसारखीच गप्प होती. हात बसत चालला होता, अंगठा नीट फिरत होता. थोरली डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहायची. पण आपण नसताना काही वेगळं झालं तर ही तोंड उघडेल का, हे काही तिला कळत नव्हतं. आणि ते कळल्याशिवाय मालकांपुढे पुन्हा जाण्यात अर्थ नव्हता. आत्याची जायची तारीख जवळ येत होती. भाची एकदा येऊन खुर्चीवर बसूनही गेली. पंखा जरा हळू फिरतो म्हणाली.

आत्या जायच्या आठवड्यातली गोष्ट. दुपार टळली होती. दोघी ओट्यापाशी समोरासमोर, मध्ये वाळलेल्या कांड्यांचा ट्रे. थोरलीच्या गुडघ्यात सकाळपासून कळ होती. हात चालू होते, पण मन कुठेच नव्हतं. कांडी उचल, पिशवीत खोच, माती दाब. कांडी उचल.

"ताई, थांबा."

थोरली थांबली नाही. तिला वाटलं, दुसऱ्या कोणालातरी म्हणाली असेल.

"थांबा ना. ही उलटी लावलीत तुम्ही." धाकटीनं पिशवीवर बोट ठेवलं. "आणि त्याच्या आधीचीपण. शेंडा खाली गेलाय."

थोरलीच्या आत जुनं ते उसळून वर आलं. मला शिकवतेस? एकोणीस वर्षं झाली. या घरात तोंड वर... शब्द दातांपर्यंत आले. समोर धाकटी उभी होती. घाबरली होती, पण तिनं पिशवीवरचं बोट उचललं नव्हतं. आणि ती खाली बघत नव्हती.

थोरलीनं कांडीच्या धारेवर खालून वर अंगठा फिरवला. काटा कचकन रुतला. तिनं आधीची पाहिली, त्याच्या आधीची पाहिली. पाच पिशव्या उलट्या होत्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिचा अंगठा झोपला होता.

तिनं ओट्याखालचा रिकामा क्रेट पायानं ओढला, उपडा केला आणि सरळ त्याच्यावर बसली. ओटा हनुवटीशी आला. समोर फक्त धाकटीचे हात दिसत होते. त्यांनी एकेक पिशवी घेतली, कांडी काढली, अंगठा फिरवला, सुलटी करून लावली. थोरली बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं होतं, काटा रुतला म्हणून, असं तिनं ठरवलं.

तेवढ्यात मालक तिथून जात होते. कामाच्या वेळेला वहिनी बसलेल्या हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बरं नाही का, असं त्यांनी विचारलं.

"बरी आहे," थोरली म्हणाली. "हिनं माझी चूक काढली. खुर्ची द्या आता."

मालकांनी धाकटीकडे पाहिलं. "किती होत्या?"

"पाच," धाकटी म्हणाली. मग, कोणी विचारलं नव्हतं तरी, म्हणाली, "आणि ताईंच्या डाळीत मीठ जास्त पडतं. पण ते घरचं आहे."

सोमवारी आत्या गेली आणि थोरली खुर्चीवर बसली. उशी बदलायची राहून गेली होती. पंखा खरंच हळू फिरत होता. पहिला तासभर पायांचं काय करावं ते तिला कळेना. मागच्या बाजूनं कात्रीचा आवाज येत होता आणि मध्येच धाकटीचा, पिशव्या भरणाऱ्या बाईला काहीतरी समजावत असलेला. शेवटी थोरलीनं पाय सोडले आणि नुसते लोंबू दिले.